युद्धातून आलेले आईवडील आणि मुलं: मुंबईकर वारंवार विचारतात ते प्रश्न

आम्ही शाळांमधून समुपदेशन करणारी दोन-चार माणसं. पुढचे प्रश्न आम्हाला शिक्षकांनी, सोसायटीच्या सेक्रेटरींनी, दवाखान्यातल्या सिस्टरनी आणि क्वचित खुद्द या कुटुंबांनी विचारलेले आहेत. व्हॉट्सॲपवर तीच उत्तरं टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून एकदाच लिहून काढलं. सगळं वाचायची गरज नाही. आपला प्रश्न शोधा, आणि उत्तरात दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिसला तर तिकडे जा.

१. मुंबईत अशी कुटुंबं खरंच आहेत का? मी तर कधी पाहिली नाहीत.

आहेत, पण थोडी आणि विखुरलेली. दिल्लीत लाजपतनगरला गेलं की अफगाण दुकानं डोळ्यांत भरतात, तसं इथे नाही. इथे कोणी येमेनहून वडिलांच्या ऑपरेशनसाठी मेडिकल व्हिसावर आलेलं असतं आणि परत जायला घरच उरलेलं नसतं. कोणी सुदानचा विद्यार्थी शिकायला आला, २०२३ मध्ये तिकडे लढाई पेटली आणि बायको-मुलं कशीबशी इथे पोचली. कोणी २०२१ च्या ऑगस्टनंतर काबूलहून निघालेलं. भाडं परवडेल तिथे, बहुतेक उपनगरांत, ती राहतात आणि मजल्यावरच्या लोकांना ‘कुठलेतरी अरब आहेत’ एवढंच माहीत असतं.

शहराला हे नवीन नाही. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं कल्याणच्या लष्करी छावण्यांत उतरली, त्या छावण्यांचं १९४९ मध्ये उल्हासनगर झालं. चेंबूर कॅम्प किंवा सायन कोळीवाड्याचा पंजाबी कॅम्प म्हटलं की टॅक्सीवाल्याला आजही पत्ता विचारावा लागत नाही. त्याच्याही आधी, १९४२ मध्ये, सोव्हिएत रशियातून सुटलेली पोलिश मुलं आधी वांद्र्याला ठेवली होती आणि मग जामनगरजवळ बालाचडीला गेली. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश लोक राहत होते, त्यांत बायका-मुलंच जास्त.

जगाचा आकडा हवा असेल तर २०२४ च्या अखेरीस युद्ध, छळ आणि हिंसाचारामुळे घर सोडावं लागलेली माणसं १२ कोटी ३२ लाख होती. त्यांतली साधारण चाळीस टक्के अठरा वर्षांखालची.

२. कायद्याने त्यांना इथे निर्वासित मानतात का?

भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. तिबेटी आणि श्रीलंकन तमिळ निर्वासितांचं सरकार स्वतः बघतं. अफगाणिस्तान, म्यानमार, येमेन, सुदान अशा देशांतल्या लोकांची नोंदणी संयुक्त राष्ट्रांची यूएनएचसीआर ही संस्था दिल्लीच्या कार्यालयामार्फत करते. आधी अर्ज विचाराधीन असल्याचा कागद मिळतो, मुलाखती होतात आणि मान्यता मिळाली तर कार्ड. यात वर्षं जातात.

कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे, ही गोष्ट पक्की लक्षात ठेवा. परदेशी म्हणून त्यांना १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेला इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट लागू होतो आणि व्हिसाचं सगळं काम एफआरआरओकडे (परदेशी नागरिकांची नोंदणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे) असतं. दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळाला तर खासगी नोकरी करता येते, नाही मिळाला तर हात बांधलेले. त्याचा घरावर काय परिणाम होतो ते प्रश्न ११ मध्ये आहे.

मात्र संविधानाचं कलम १४ आणि कलम २१ ‘व्यक्ती’ला संरक्षण देतं, फक्त नागरिकाला नाही. १९९६ मध्ये अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं.

३. माझी खोली त्यांना भाड्याने दिली तर मी अडचणीत येईन का?

कागद नीट केलेत तर नाही. पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती घ्या, लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवा, पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्या, आणि परदेशी व्यक्ती राहायला आल्याची माहिती २४ तासांत एफआरआरओच्या पोर्टलवर भरा (सगळे तिला सी-फॉर्म म्हणतात). व्हिसा संपलेला असेल तर स्वतःच्या मनाने काही ठरवू नका, वकिलाला विचारा.

४. युद्ध पाहिलेलं प्रत्येक मूल मनाने मोडलेलंच असतं ना?

नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अंदाजानुसार युद्धग्रस्त भागात राहणाऱ्या लोकांपैकी २२ टक्के, म्हणजे पाचांत एक जण, कुठल्या ना कुठल्या मानसिक आजाराने त्रस्त असतो. हा आकडा मोठाच आहे. पण उरलेल्या चौघांकडेही बघा. ती माणसं दुःखी असतात, थकलेली असतात, त्यांना झोप नसते, आणि तरीही ती आजारी नसतात.

मुलांच्या बाबतीत सगळ्यात जास्त फरक कशाने पडतो हे दुसऱ्या महायुद्धातच दिसलं होतं. लंडनवर बॉम्ब पडत असताना ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम हॅम्पस्टेडमध्ये मुलांसाठी पाळणाघरं चालवत होत्या. त्यांच्या लक्षात आलं, की आईजवळ राहून बॉम्बहल्ले सोसलेल्या मुलांपेक्षा सुरक्षित खेड्यात, पण आईपासून दूर पाठवलेली मुलं जास्त हलली होती. आजही आमचा अनुभव याच रेषेत जातो. मूल बॉम्बचा आवाज ऐकतं, आणि लगेच वळून आईचा चेहरा बघतं. त्या चेहऱ्यावर जे दिसेल त्यावर त्याची भीती ठरते. म्हणून पुढच्या जवळपास प्रत्येक उत्तरात आम्ही तुम्हाला मुलाकडून आईवडिलांकडे वळवणार आहोत. त्याचा कंटाळा आला तरी वाचा.

५. मुलात नेमकं काय दिसतं? हट्ट कुठला आणि त्रास कुठला?

पाच वर्षांखालचं मूल चिकटतं, आई बाथरूमला गेली तरी दाराबाहेर रडतं, बोलायला शिकलेलं बोलणं सोडून देतं, पुन्हा अंथरुण ओलं करतं. सहा ते बारा वर्षांची मुलं तोच खेळ परत परत खेळतात: चौकी, बंदूक, पळापळ, कोणीतरी मरतं. पोट दुखतं, डोकं दुखतं, तपासण्यांत काही निघत नाही. किशोरवयीन मुलं गप्प होतात किंवा भडकतात, रात्रभर जागी आणि दिवसा वर्गात झोपलेली. काही जणी अतिशहाण्या होतात: भावंडांना सांभाळतात, कधीच काही मागत नाहीत. बाईंना अशी मुलगी फार आवडते. तिच्याकडेच जास्त लक्ष द्या.

खाणं लपवणं, बाटल्या भरून ठेवणं हेही दिसतं. नळाला ठरलेल्या वेळीच पाणी येणाऱ्या मुंबईकराला बाटल्यांचं काही वाटणार नाही म्हणा, पण दप्तरात चार दिवसांची चपाती सापडली तर ओरडू नका. घरी डबा भरला जाईल आणि उद्याही भरला जाईल, हे कळायला वेळ लागतो.

हट्ट आणि त्रास यांत आम्ही एवढंच बघतो: नव्या जागी स्थिरावल्यावर महिनाभराने त्रास थोडा तरी उतरतोय का, आणि मूल खेळतंय का. जे मूल खेळतं, ते बहुधा वाट काढतं. त्रास चढत असेल, मूल खात-झोपत नसेल, स्वतःला इजा करत असेल किंवा मरणाचं बोलत असेल, तर महिना मोजत बसू नका. थेट प्रश्न १४.

६. त्याच्याकडून सगळं बोलून घेतलं तर मन मोकळं होईल ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि भल्या मनाने येतो. उत्तर: बोलून घेऊ नका. भीषण प्रसंगानंतर लगेच एका बैठकीत सगळं ओकायला लावायची पद्धत एके काळी प्रचलित होती. फायदा दिसला नाही, काहींचा त्रास वाढला, आणि जागतिक आरोग्य संघटनेने ती वापरू नये असंच सांगितलं. मूल स्वतःहून बोललं तर मात्र हातातलं काम ठेवून ऐका. ‘जाऊ दे, विसर आता’ म्हणू नका. ‘मग पुढे काय झालं?’ असंही खोदू नका. ‘तू मला सांगितलंस, बरं केलंस. आज इथे तसं काही नाहीये,’ एवढं पुरतं.

संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची जी पद्धत सांगितली तिच्यात तीनच कामं आहेत: बघा, ऐका, जोडून द्या. तिसरं काम लोक विसरतात. एखाद्या बाईला दूधवाला, रेशनचं दुकान, मुलांचे डॉक्टर आणि तिची भाषा बोलणारी दुसरी बाई मिळवून देणं हे कित्येकदा तासभर ऐकण्यापेक्षा मोठं काम असतं.

आणि गोष्ट काढून घ्यायचा मोह फक्त समुपदेशकांना नसतो. वाढदिवसाला आलेले पाहुणे, शाळेच्या कार्यक्रमाचे पत्रकार, समोरच्या काकू, सगळ्यांना ‘काय झालं होतं?’ हेच विचारायचं असतं. काकूंना थांबवायची जबाबदारी तुमची.

७. माझ्या वर्गात असं मूल आलंय. मी नक्की काय करू?

वेळापत्रक पाळा. खरंच, याहून मोठं औषध शाळेकडे नाही. रोज तीच घंटा, तीच बाई, तोच बाक. बदल असेल तर आदल्या दिवशी सांगा. बाक दाराजवळचा द्या. ज्याला बाहेर पडायचा रस्ता दिसतो ते मूल बाक सोडून पळत नाही. एक शांत सोबती द्या, जो पाण्याची टाकी आणि टॉयलेट दाखवेल. पहिल्या आठवड्यात वर्गासमोर उभं करून ‘हा बघा, युद्धातून आला’ अशी ओळख करून देऊ नका. नाव सांगा, आवडता खेळ सांगा, बस.

एका महापालिका शाळेतला प्रसंग. तिसरीतला मुलगा ठरावीक वेळी बाकाखाली जायचा. बाईंना आधी वाटलं, गणित टाळतोय. मग त्यांनी ते पाहिलं: शाळेलगतच्या गल्लीतला दुकानदार दुपारी जेवायला जाताना शटर खाडकन ओढायचा. बाई जाऊन त्याला भेटल्या. तेव्हापासून तो ओढण्याआधी ‘शटर!’ अशी हाक मारतो, आणि वर्गातली सगळी पोरं एका सुरात ‘शटर!’ म्हणून ओरडतात. आता सगळ्यात मोठा आवाज त्या मुलाचा असतो.

निबंधांचे विषय तपासा. ‘माझे घर’, ‘माझे बाबा’, ‘सुट्टीत मी गावी गेलो’ यांना पर्यायी विषय ठेवा. शिक्षा आणि अपमान यांवर शिक्षणहक्क कायद्याचं कलम १७ आधीच बंदी घालतं, पण या मुलांच्या बाबतीत नुसता चढलेला आवाजही पुरतो.

८. आधार नाही, जुन्या शाळेचा दाखला नाही. प्रवेश कसा देणार?

२००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या ‘बालका’विषयी बोलतो. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही (कलम १४), वर्ष सुरू झालंय म्हणूनही नाही (कलम १५), आणि मूल त्याच्या वयाच्या वर्गात बसवून मागे राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं असतं (कलम ४). अकरा वर्षांच्या मुलीला मराठी येत नाही म्हणून दुसरीत बसवणं कायद्यात बसत नाही, आणि तिच्या मनाला तर मुळीच झेपत नाही.

आधार शाळाप्रवेशासाठी सक्तीचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात म्हटलंय. मुख्याध्यापकांची खरी अडचण वेगळीच असते, आणि ती खोटी नाही. पटावरच्या ज्या मुलाचं आधार जुळत नाही ते संचमान्यतेत धरलं जात नाही, आणि त्यावर शिक्षकांची पदं अवलंबून. त्यामुळे तोंडी ‘बघू’ म्हणतात. पालकांना सांगा: अर्ज लेखी द्या, पोच घ्या. नकार आला तर तोही लेखी मागा आणि वॉर्डातल्या शिक्षण अधिकाऱ्यांकडे जा. दिल्लीतल्या रोहिंग्या मुलांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये हाच क्रम सांगितला होता: आधी शाळेकडे अर्ज, नाकारलं तर उच्च न्यायालय.

चौदा वर्षांवरच्या मुलांना हा कायदा लागत नाही. त्यांच्यासाठी मुक्त विद्यालयाचा मार्ग तपासा.

९. त्यांनी मुलांशी घरी हिंदी-इंग्रजी बोलायला सुरुवात करावी का, म्हणजे लवकर रुळतील?

नको. आई ज्या भाषेत रागावू शकते आणि अंगाई म्हणू शकते ती भाषा घरात राहू द्या. मोडक्या हिंदीत आई फक्त सूचना देते: जेव, झोप, अभ्यास कर. बाहेरची भाषा मूल गल्लीत आणि शाळेत उचलतंच. महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांच्या शाळा चालवते. दरी (अफगाणिस्तानातली एक भाषा) किंवा अरबी येणाऱ्या मुलाला उर्दूची लिपी बऱ्यापैकी ओळखीची वाटते, तेव्हा जवळ उर्दू शाळा असेल तर विचार करा. मराठी विषय २०२० च्या कायद्याने सगळ्याच शाळांत आहे. क्रिकेट खेळायला लागलं की ‘झेल, झेल’ आधी येतं, बाराखडी मागून.

१०. मूल भाषा पटकन शिकतं आणि आईवडिलांचं दुभाषी होतं. यात वाईट काय?

दुकानात, रिक्षात, नळवाल्याशी बोलताना काहीच वाईट नाही. मुलाला उलट अभिमान वाटतो. दवाखाना, पोलीस, वकील आणि पैशाची बोलणी या चार ठिकाणी मात्र मुलाला मधे घालू नका.

एका ओपीडीत मी बसले होते. आई, दहा वर्षांची मुलगी, हातात केस पेपर. डॉक्टरांनी विचारलं, ‘जिवाचं काही बरंवाईट करावं असं वाटतं का?’ मुलीने आईला काहीतरी विचारलं. आई बराच वेळ बोलत राहिली, मधे डोळे पुसले. मुलगी डॉक्टरांकडे वळून म्हणाली, ‘नाही.’ डॉक्टर अनुभवी होते. त्यांनी पेन खाली ठेवलं, मुलीला बाहेर बिस्किटं घ्यायला पाठवलं आणि फोनवर अरबी जाणणारी एक बाई शोधली.

त्या मुलीने आईचं उत्तर लपवलं, की तिला सांगताच आलं नाही, हा मुद्दा नाही. ते उत्तर तिच्या कानांवर पडायलाच नको होतं. घराची सूत्रं अशी हळूहळू मुलाच्या हाती जातात: बँकेचा मेसेज ते वाचतं, घरमालकाशी ते भांडतं, आणि मग संध्याकाळी आईने ‘अभ्यासाला बस’ म्हटलं की हसतं. दुभाषी म्हणून मोठा माणूस शोधा, फोनवरचा चालेल. तोही नसेल तर मोबाइलचं भाषांतर ॲप वापरा. ते चुका करतं, पण त्याला रात्री स्वप्नं पडत नाहीत.

११. वडील दिवसभर घरी बसून असतात आणि मुलांवर खेकसतात. आम्ही शेजारी काय बोलणार?

तिकडे हा माणूस बहुधा इंजिनिअर, शिक्षक, दुकानदार काहीतरी होता. इथे व्हिसामुळे नोकरी नाही (प्रश्न २), डॉक्टर असला तरी इथल्या नोंदणीशिवाय प्रॅक्टिस करता येत नाही. बायको शिवणकाम किंवा डबे करून चार पैसे आणते, मुलं भाषा बोलतात आणि त्याला बेस्टच्या बसची पाटीही वाचता येत नाही. त्याच्या खेकसण्यात युद्ध किती आणि ही रोजची बेकारी किती, हे वेगळं करता येत नाही. आमच्या मते दुसरीचा वाटा लोक समजतात त्यापेक्षा खूप मोठा असतो, आणि तिच्यावर शेजाऱ्यांना थोडंफार काही करता येतं.

उपदेश करू नका. त्याला बापाचं काम द्या. शाळेत न्यायला-आणायला तोच जाऊ दे. पालकसभेची चिठ्ठी मुलाच्या हाती न देता त्याच्या फोनवर पाठवा. सोसायटीच्या मुलांना गणित किंवा फुटबॉल शिकवायला बोलावा. पैशाचा व्यवहार करू नका, कारण व्हिसा बिघडेल. मुलासमोर त्याला ‘अंकल को बोलो’ असं मुलामार्फत सांगू नका. सरळ त्याच्याशी बोला, हातवारे करून का होईना.

हात उगारला जात असेल, बायकोवर किंवा मुलांवर, तर त्याला युद्धाचं कारण देऊ नका. हेल्पलाइन आहेत: मुलासाठी १०९८, महिलेसाठी १८१.

१२. आई दिवसभर फोनवर तिकडचे व्हिडिओ बघते. बंद करायला सांगू का?

बंद नको, वेळ ठरवा. त्याच फोनवर तिची बहीण जिवंत असल्याचं कळतं. सकाळी मुलं शाळेत गेल्यावर आणि रात्री ती झोपल्यावर, असा वेळ तिला स्वतःलाच ठरवू द्या. मोडकी घरं आणि प्रेतं मुलांच्या नजरेला पडू नयेत. मुलाने विचारलं, तर बातमी आईच्या तोंडून चार वाक्यांत कळावी.

१३. दिवाळी जवळ आलीय. फटाके थांबवायचे का?

सगळ्या सोसायटीचे थांबणार नाहीत हे तुम्हालाही माहीत आहे. रात्री दहा ते सकाळी सहा फटाके वाजवायला सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच मनाई केली होती, ती पाळली तरी अर्धं काम होईल.

आवाज अचानक आल्याने जास्त त्रास होतो. म्हणून आठ दिवस आधी आईवडिलांना सांगा: काय असतं, किती दिवस, किती वाजता जास्त. मुलाला दिवसाउजेडी फुलबाजी आणि भुईचक्र दाखवा, पेटवणारी मुलं दाखवा, आवाज कोण करतंय ते कळू दे. लक्ष्मीपूजनाच्या रात्री खिडक्या लावून, पंखा आणि टीव्ही सुरू ठेवून घरातल्या आतल्या खोलीत राहायचं असेल तर राहू दे. ‘बाहेर ये, भीती जाईल’ असं ओढून नेऊ नका. फटाक्याला ‘बॉम्ब’ म्हणणारी आपली मुलं असतात, त्यांनाही थोडं समजवा. आणि फराळाचं ताट मात्र नक्की पाठवा.

विसर्जनाचे ढोल-ताशे आणि दहीहंडीचे डीजे यांनाही हेच लागू. काही मुलांना ढोल चक्क आवडतात, कारण ढोल दिसतो. हेलिकॉप्टर, मेट्रोच्या पायाचं खोदकाम आणि भोंगे यांचं कठीण असतं. ७ मे २०२५ ला देशभर सायरन वाजवून मॉक ड्रिल झालं, तसं काही जाहीर झालं की सगळ्यात आधी या घरांना कळवा, त्यांच्या भाषेत.

१४. उपचार कुठे मिळतील? परदेशी म्हणून हाकलतील का?

केईएम, नायर, सायन आणि कूपर ही महापालिकेची मोठी रुग्णालयं आणि सरकारी जे.जे., सगळीकडे मानसोपचार विभाग आहे. केस पेपर काढायचा आणि रांगेत बसायचं, सगळ्यांसारखंच. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा उपचाराचा हक्क ‘प्रत्येक व्यक्ती’ला देतो. पासपोर्ट किंवा यूएनएचसीआरचं कार्ड जवळ ठेवा आणि दुभाष्याची सोय आधीच करा (प्रश्न १०). टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास आणि फुकट आहे. मराठी, हिंदी, उर्दू चालतं. अरबी किंवा दरीच बोलणाऱ्यासाठी शेजाऱ्याने फोन लावून सल्ला घ्यावा.

कोणी जीव द्यायचं बोलत असेल तर ओपीडीची वेळ बघू नका, कॅज्युअल्टीत न्या आणि एकटं सोडू नका.

१५. ते म्हणतात, ‘आम्ही वेडे नाही.’ मानसोपचाराला तयारच नाहीत.

मग तो शब्द काढू नका. झोप येत नाही, छातीत धडधडतं, पाठ भरून येते, हे मान्य असतं ना? त्यासाठी नेहमीच्या डॉक्टरकडे जाऊ द्या आणि डॉक्टरांना आधी कल्पना द्या. बऱ्याच आयांना ‘मुलासाठी’ म्हणून आणता येतं. मुलाच्या नावाने आलेली आई दुसऱ्या भेटीत स्वतःबद्दल बोलते.

१६. घरातला एक जण बेपत्ता आहे. मुलांना काय सांगायचं?

जेवढं माहीत आहे तेवढं. ‘बाबा कुठे आहेत ते आम्हाला कळलेलं नाही. आम्ही शोधतोय. कळलं की तुला सांगणार.’ ‘कामाला गेलेत’ हे सांगू नका. मुलाला खरं बाहेरून कळतं आणि मग ते आईच्या कुठल्याच वाक्यावर विश्वास ठेवत नाही.

मरणाला दिवस असतात, तेरावं असतं, लोक येऊन बसतात. बेपत्ता माणसासाठी यातलं काही करता येत नाही. केलं तर आशा सोडल्याचा दोष, नाही केलं तर आयुष्य थांबलेलं. पॉलीन बॉस या अमेरिकी अभ्यासिकेने अशा दुःखाचा वेगळा विचार मांडला. तिचं म्हणणं सोपं करून सांगायचं तर, दोन्ही एकदम खरं असू द्यावं: तो कदाचित येईल, कदाचित येणार नाही. घरात त्याचा फोटो असावा, त्याच्या आवडीचा पदार्थ व्हावा, आणि मुलाचं शाळेत नाव घालणं त्याच्या येण्यापर्यंत लांबवू नये. शोध घ्यायला रेड क्रॉसची व्यवस्था आहे, भारतीय रेड क्रॉसमार्फत अर्ज करता येतो. सोशल मीडियावर फोटो टाकण्याआधी थांबा. तिकडे कोणी लपून राहिलं असेल तर त्याच्या जिवावर बेतेल.

१७. मूल एकटंच आलंय, किंवा ‘काका’ म्हणणाऱ्या माणसाबरोबर आहे. आम्ही ठेवून घेऊ का?

ठेवून घेऊ नका, हेतू कितीही चांगला असला तरी. २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार आईवडिलांपासून दुरावलेलं मूल आढळलं की २४ तासांच्या आत पोलीस, १०९८ किंवा बालकल्याण समितीला कळवणं बंधनकारक आहे. काका खरा काका असू शकतो, बहुतेक वेळा असतोच. मग समिती मुलाला त्याच्याकडेच राहू देऊ शकते, पण ते तपासून. ‘आम्ही दत्तक घेऊ’ असे फोन येतात. ज्याचे आईवडील जिवंत असतील की नाही हेच ठाऊक नाही, ते मूल दत्तकाला मोकळं नसतं.

१८. आम्ही तर भारतीयच. सुदानहून सरकारने आणलं. आमच्या मुलालाही हे लागू होतं का?

कागदांचं नाही, मनाचं सगळं होतं. १९९० मध्ये कुवेतहून निघालेले लाखाहून जास्त भारतीय अम्मानमार्गे विमानाने मुंबईत उतरले. २०२२ मध्ये युद्ध पेटल्यावर युक्रेनमधल्या भारतीयांना रोमानियाहून घेऊन येणारं पहिलं विमान २६ फेब्रुवारीला मुंबईलाच आलं, आणि २०२३ मध्ये सुदान. विमानतळावर फुलं मिळतात, नातेवाईक म्हणतात ‘सुटलात, आता विसरा’, आणि मग कोणी विचारत नाही. तुमच्या मुलासाठी परका देश हाच असू शकतो: जन्म तिकडचा, मित्र तिकडचे. प्रश्न ५ आणि ७ तुमच्यासाठीही आहेत. पैसा, दुकान, नोकरी तिकडे बुडाली असेल तर प्रश्न ११ सुद्धा.

१९. दोन वर्षं मूल अगदी छान होतं, आता अचानक बिघडलं. असं कसं?

असं होतं. जगायची धावपळ चालू असते तेव्हा मन थांबून राहतं. घर लागलं, शाळा लागली, की मग उतरतं. वयात येताना, हल्ल्याच्या तारखेच्या आसपास, तिसऱ्या देशात जायचा अर्ज फेटाळला गेल्यावर किंवा तिकडे परत लढाई पेटल्यावर जुनं वर येतं. आधीची प्रगती खोटी होती असा याचा अर्थ नाही. घरात नुकतं काय बदललं ते आधी आईवडिलांना विचारा, मग मुलाकडे वळा.

२०. सोसायटीच्या ग्रुपवर ‘यांना परत पाठवा’ असे मेसेज येतात. उत्तर देऊ का?

ग्रुपवर वाद घालून कोणाचं मत बदललेलं आम्ही पाहिलेलं नाही. सेक्रेटरींना एकटं गाठा, कागद नियमात आहेत हे दाखवा (प्रश्न ३). मुलांसमोर टोमणे मारणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा. आणि ते मेसेज त्या कुटुंबाला ‘सावध राहा’ म्हणून फॉरवर्ड करू नका.

२१. जुने कपडे, खेळणी, पैसे द्यायचे आहेत. कसे द्यावेत?

मुलाच्या हातात काही देऊ नका. आईला किंवा वडिलांना बाजूला घेऊन विचारा, त्यांच्याकडे द्या, आणि मुलाला ते त्यांच्याकडून मिळू दे. कपडे धुऊन, इस्त्री करून. खेळण्यांतल्या बंदुका आणि रणगाडे काढून ठेवा. देतानाचा फोटो काढायचा नाही, अजिबात. शाळेच्या बसचे पैसे भरणार असाल तर परस्पर भरून पावती वडिलांच्या नावाने घ्या.